आधी कुणी खेळायचं?

छकुले, तुझ्या कोड्यातल्या राक्षसाच्या मनात काय चाललंय हे ओळखायचा नाद आधी सोड. तो एक उचलील का दोन, भोळा आहे का बेरकी, गोष्टीत त्याचे डोळे लाल का लिहिलेत, यातलं काहीएक लागत नाही. 'त्यानं असं केलं तर मी तसं, त्यानं तसं केलं तर मी असं' असं तू पानभर लिहून पाठवलंस, ते सगळं वाचलं मी. एवढी मेहनत घेतलीस म्हणून तर सविस्तर सांगायला बसले. नाहीतर 'आधी तू खेळ आणि एक उचल' एवढं कळवून मोकळी झाले असते. तू ते पाठ करून वर्गात सांगितलं असतंस, दुसऱ्या दिवशी सरांनी नियम जरासा फिरवला असता, की पुन्हा तुझा फोन, 'ताई, मला गणित येतच नाही गं.' असं रडायलीस ना की मला इथं पुण्यात जेवण जात नाही.

तर कोडं एवढंच. गुहेच्या दारात राक्षस, आत अडकलेली राजकन्या, दोघांच्या मधे 21 बेहडे. आळीपाळीनं उचलायचे. एका खेपेला एक, दोन किंवा तीन. काहीच न उचलणं चालत नाही आणि चार उचलता येत नाहीत. शेवटचा बेहडा ज्याच्या हाती, तो जिंकला. आणि राक्षस मोठ्या दिलानं म्हणतो, 'आधी कुणी खेळायचं ते तूच ठरव.'

तू हे वाक्य वाचून पुढं गेलीस. सगळं कोडं त्याच वाक्यात आहे, बाई.

चिंचवणच्या मामांनी दिलेले चिंचोके आजीच्या डब्यात असतील, ते काढ. पण 21 मांडू नकोस. चार मांड. तुझी वेळ आहे असं धर. एक उचललास तर तीन उरले, ते राक्षस उचलणार. दोन उचललेस तर दोन उरले, तेही त्याचे. तीन उचललेस तर एक उरला, तो तर त्याचाच. म्हणजे समोर चार असताना ज्याची वेळ आली तो मेला. त्याला आपण खड्डा म्हणू. आता पाच मांड. एक उचल, राक्षस खड्ड्यात. सहा असतील तर दोन, सात असतील तर तीन. आणि आठ? आठावर तू काहीही कर, उरणार सात, सहा नाहीतर पाच, आणि तिथून राक्षस तुला चारावर आणून सोडतो. आठसुद्धा खड्डाच. मग 12, 16, 20. समोर 21 आहेत, खड्डा 20 वर आहे. आधी तू खेळायचं, एक उचलायचा, आणि पुढं राक्षस एक उचलील तर तू तीन, तो दोन तर तू दोन, तो तीन तर तू एक. दरवेळी दोघांचे मिळून चार. तो कितीही विचार करू दे, तुझ्या हातचा डाव जात नाही.

किती चिंचोके लागले समजायला? आठ. तू 21 पासून खाली यायला निघालीस म्हणून वाटाच वाटा फुटल्या. शेवटाकडून वर ये, म्हणजे एकच वाट उरते.

आता बेहड्यांचं. ज्यानं कुणी ही गोष्ट रचली त्यानं आंबे, मोती, सोन्याची नाणी सोडून बेहडेच का घेतले असतील? बेहडा म्हणजे आपल्या त्रिफळा चूर्णातला, हिरडा-बेहडा-आवळ्यातला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे, त्यातले फासे म्हणजे हीच बेहड्याची फळं. आपल्या डोळ्यांसमोर येतात तसे ठिपक्यांचे चौकोनी फासे नव्हेत ते. तो खेळ कसा असावा याबद्दल अभ्यासक सांगतात ते ऐक: ढिगातून मूठभर बेहडे घ्यायचे आणि चार-चार करून मोजायचे. काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एकच उरला तर कली. कृत म्हणजे जिंकलीस, कली म्हणजे बुडालीस. युगांना हीच नावं आहेत.

21 ला चारानं भाग. उरतो एक. कली! आणि तुझी पहिली खेळी कोणती होती? तो एक उचलून बाजूला काढायची. उरलेल्या विसात कृत, आणि तो साधलास तू. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा बसमध्ये शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं होतं.

यावरून तुला नलाची गोष्ट सांगायलाच हवी. आजी सांगते त्यात हंस आणि स्वयंवर येतं, पण मधला गणिताचा भाग ती गाळते. वनपर्वात द्यूतात सगळं घालवून बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ही गोष्ट सांगतात. नलाच्या अंगात कली शिरतो, नल भाऊ पुष्कराशी खेळून राज्य हरतो, दमयंतीला रानात सोडतो, आणि बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडं सारथी म्हणून राहतो. पुढं दोघं रथातून विदर्भाला निघालेले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसता बघून सांगतो, की दोन फांद्यांवर मिळून 5 कोटी पानं आणि 2,095 फळं आहेत. नलाला पटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो, मोजतो. आकडा बरोबर! ऋतुपर्ण म्हणतो, मला अक्षहृदय येतं, फाशांचं आणि मोजण्याचं मर्म. नल त्याला घोड्यांची विद्या देतो, बदल्यात ते मर्म घेतो, आणि ते शिकताक्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. पडून जातो कुठं? बेहड्याच्याच झाडात.

ऋतुपर्णानं एवढी पानं एका नजरेत कशी मोजली हे महाभारत उलगडून सांगत नाही. पण एका डहाळीवरची पानं मोजायची, फांदीवर डहाळ्या किती ते बघायचं आणि गुणाकार करायचा, असा अंदाज कुणाच्याही मनात येतो. कापसाच्या चार झाडांची बोंडं मोजून बाबा एकरी किती निघेल ते सांगतात, तेच की. इयान हॅकिंग नावाच्या तत्त्वज्ञानं संभाव्यतेच्या इतिहासावर 1975 साली पुस्तक लिहिलं, त्यात या झाडाची दखल घेतली आहे.

लोक ऋतुपर्णाचं कौतुक करतात. मला विचारशील तर त्या गोष्टीत सगळ्यात भारी डाव दमयंती खेळली. ती विदर्भाची, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचीच. अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर तिचं माहेर मानतात. नवरा हरवलाय, रूप पालटून कुठंतरी लपलाय. तिनं नल कुठं गेला असेल, काय करत असेल, याचा माग पुढून काढायचा प्रयत्न करून बघितलाच होता, गावोगाव ब्राह्मण पाठवले होते. त्यातल्या पर्णादाकडून अयोध्येच्या एका कुरूप सारथ्याची खबर आली, पण खात्री होत नव्हती. मग तिनं उलटा विचार केला. नलाखेरीज कुणालाच जमणार नाही असं काय आहे? घोडे हाकणं. तिनं सुदेव ब्राह्मणाकरवी फक्त ऋतुपर्णाला निरोप धाडला, की उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. स्वयंवर वगैरे काही नव्हतंच. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ पोचला, तर हाकणारा नलच, दुसरा कुणी असूच शकत नाही. शेवट आधी ठरवला आणि तिथून मागं येत पहिली खेळी शोधली. तुझ्या कोड्यातल्या राजकन्येनं हेच करायचंय.

(तिनं नवऱ्याला जरा जास्त लवकर माफ केलं असं माझं मत आहे. पण ते तू दहावी झालीस की बोलू.)

उलटं जायची ही रीत आपल्याकडं पुस्तकात लिहून ठेवलेली आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तिला व्यस्तविधी म्हणतात. त्यांचा जन्म 1114 चा, आणि ग्रंथ 1150 चा. स्वतःचं गाव त्यांनी विज्जलविड असं सांगितलंय, आणि ते विज्जलविड म्हणजे आपलं बीडच असं काही अभ्यासक म्हणतात. चाळीसगावचे लोक म्हणतात, छे, आमचं पाटण. पाटणला भाऊ दाजी लाडांना शिलालेख सापडला, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. मला पाटणचं पारडं जड वाटतं, पण हे आपल्या गावी, वडवणीत, मोठ्यानं बोलू नकोस.

त्यातलं एक गणित माझ्या शब्दांत सांगते. एक संख्या आहे. तिला तीननं गुणलं, आलं त्यात त्याचाच पाऊण मिळवला, सातानं भागलं, त्यातून त्याचाच तिसरा हिस्सा काढला, वर्ग केला, 52 वजा केले, वर्गमूळ काढलं, 8 मिळवले, 10 नं भागलं, आणि उरले 2. संख्या कोणती? वरून निघालीस तर 'क्ष' मानून पान भरशील आणि वर्गात अडकशील. खालून निघ. 2 ला दहानं गुण, 20. आठ काढ, 12. वर्ग, 144. त्यात 52 मिळव, 196. वर्गमूळ, 14. तिसरा हिस्सा काढून 14 उरले, म्हणजे आधी 21 होते. सातानं गुण, 147. पाऊण मिळवून 147 झाले, म्हणजे मुळात 84. तीननं भाग, 28. जिथं गुणलं तिथं भाग, जिथं मिळवलं तिथं काढ, एवढंच.

हे तुला अवघड वाटायचं कारण नाही, कारण तू हे घरात बघितलंयस. आई चौथी शिकलेली. पण ऊसतोडीचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुकादम हिशोब सांगायला बसला की ती वरून खाली कधी ऐकते का आठव. तो उचल एवढी, टनाचे एवढे कटले, खर्चीचे एवढे चढले, खाड्याचे एवढे, असं भराभर म्हणत येतो आणि शेवटी म्हणतो, 'अंगावर एवढे फिरले.' आई तो शेवटचा आकडा धरते आणि माघारी निघते. यातून खाड्याचे काढ. खर्चीचे काढ. टनाचे मिळव. दसऱ्याला घेतली तेवढी उचल आली पाहिजे. येत नसेल तर ती तसं शांतपणे सांगते, आणि मुकादम पुन्हा वही उघडतो. हा व्यस्तविधीच. तिनं लीलावतीचं नावसुद्धा ऐकलेलं नाही.

आता जिथं तू फसशील ती जागा. तुझ्या मनात बसलं असेल, की 'एक ते तीन असलं तर चारानं भागायचं, उरेल ते उचलायचं.' खरंय. एक ते चार असलं तर पाचानं, एक ते पाच असलं तर सहानं. क्लासवाले हे सूत्र म्हणूनच देतात. पण सर म्हणाले की राक्षसानं नियम बदललाय, आता एक, तीन किंवा चारच उचलायचे, दोन चालणार नाहीत, तर? कशानं भागशील? पाचानं? भागून बघ. एक उरतो, तो उचलून तू 20 ठेवशील आणि हरशील.

चिंचोके घे परत. काहीच उरलं नाही तर ज्याची वेळ तो हरला, हे पक्कं. एक, तीन, चार असतील तर सगळे उचलून जिंकलीस. दोन? एकच उचलता येतो, एक उरतो, तो राक्षस नेतो. म्हणजे दोन हा खड्डा. पाचावरून तीन उचलून त्याला दोनावर टाकता येतं, सहावरून चार उचलून. सात? सातावरून सहा, चार नाहीतर तीन उरतील, आणि या तिन्हींवर राक्षस जिंकतो. सात खड्डा. आठावरून एक उचलून तू त्याला सातावर टाकतेस. नऊ? उरतील आठ, सहा, पाच. तिन्हींवर तोच जिंकतो. नऊसुद्धा खड्डा. असंच पुढं जा. खड्डे येतात 2, 7, 9, 14, 16, 21. सातानं भागून काही न उरणारे किंवा दोन उरणारे. विसावरून राक्षस चार उचलतो आणि तुला 16 वर आणतो, म्हणून म्हटलं हरशील.

आणि 21 स्वतःच खड्डा निघाला! म्हणजे आता आधी खेळशील तर गेलीस. बेहडे तेवढेच, राक्षस तोच, पण उत्तर नेमकं उलटं: हसून म्हणायचं, 'तुम्ही थोर, आधी तुम्ही.'

तिसरा बदल सर हमखास करतील तो म्हणजे 'शेवटचा बेहडा उचलील तो हरला.' उचलायचे एक ते तीनच. मग एक उरणं हाच पहिला खड्डा, तिथून 5, 9, 13, 17 आणि 21. इथंही राक्षसालाच आधी बसव. कलीच्या बाजूनं खेळायचा हा डाव, त्याला एक-एक उरवत न्यायचं.

कोण आधी, हे विचारायला पोरींना उगाच संकोच वाटतो, 'करा काय करायचं ते' म्हणतात. द्यूतसभेत द्रौपदीनं काय विचारून पाठवलं माहितीये ना? युधिष्ठिर आधी स्वतःला हरले का आधी मला? नुसता क्रम विचारला तिनं. जो आधीच स्वतःला हरला त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का, एवढं त्या क्रमात अडकलेलं होतं, आणि भीष्मांनासुद्धा नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हा परीक्षेत असो नाहीतर आणखी कुठं, 'आधी कोण' हे वाक्य दिसलं की त्याखाली रेघ मार.

बीडला एसटीनं जाताना खेळायला एक देते, त्याला चिंचोकेही लागत नाहीत. फ्रान्समध्ये बाशे नावाच्या माणसानं 1612 साली गणिती कोड्यांचं पुस्तक छापलं, त्यातला हा खेळ. दोघींनी आळीपाळीनं 1 ते 10 मधली संख्या मिळवत जायची, जिच्या तोंडून बरोबर 100 येईल ती जिंकली. उलटी ये: 100 च्या आधी तुला 89 गाठायचंय, कारण तिथून समोरची 90 ते 99 मधेच कुठंतरी थांबणार. त्याआधी 78, 67, 56, 45, 34, 23, 12, आणि 1. आधी तू, आणि म्हणायचं 'एक'. मैत्रिणीला दोन-तीनदा हरवलंस की तीही एकापासून सुरू करायला लागेल, तेव्हा खेळ थांबव किंवा 100 चे 110 कर. 110 ला आधी बोलणारी हरते, ती का ते तुझं तू बघ.

दोन ढीग मांडून कितीही उचलायची मुभा दिली, पण एका खेपेला एकाच ढिगातून, तर? समज 9 आणि 12. तीन उचलून दोन्ही ढीग सारखे कर, आणि मग राक्षस एका ढिगातून जेवढे उचलील तेवढेच तू दुसऱ्यातून. नुसती नक्कल. तीन ढिगांचं मात्र चार्ल्स बाउटन या गणितज्ञानं 1901 साली सोडवून दाखवलं, संख्या एक, दोन, चार, आठ अशा तुकड्यांत फोडून. ते फोनवर जमायचं नाही, दिवाळीला आले की बसू. तोवर 3, 4 आणि 5 चे ढीग मांडून ठेव. तीनच्या ढिगातून दोन काढलेस तर तू जिंकतेस, एवढं मी सांगते. पाच मोकळा सुटत नाही, चारनं अडवलाय, आणि तो उरलेला एक तिथं कशाला लागतो ते शोध. समोर आजीला बसव. ती चांगली खेळते, फक्त एखाद-दुसरा चिंचोका पदराखाली ढकलते, तेवढं मोजून घे.